शब्दांची उकल : माध्यमिक शाळेतील इंग्रजी शब्दसंपदेचा एक पाठ

मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान शाखेत जाऊन बसतो, तेव्हा त्याची पहिली झटापट विषयाशी होत नाही. ती शब्दांशी होते. उष्मादायी अभिक्रिया म्हणजे काय, हे त्याला चांगले ठाऊक असते. फळ्यावर मात्र 'एक्झोथर्मिक रिअ‍ॅक्शन' असे लिहिलेले असते. युग्मक त्याने दहावीत अभ्यासलेला असतो. आता पुस्तकात 'गॅमीट' येतो. ज्ञान तेच असते, त्याच्या दाराला कुलूप तेवढे नवे असते. पहिल्या महिन्यात तो प्रश्न विचारणे थांबवतो, दुसऱ्या महिन्यात मागच्या बाकावर सरकतो आणि सहामाही परीक्षेनंतर 'मला विज्ञान झेपत नाही' असे घरी सांगतो. आईवडील ते खरे मानतात. मुलाला विज्ञान झेपले नाही की विज्ञानाची भाषा झेपली नाही, हा भेद त्यांना कोणी समजावून सांगत नाही.

सेमी-इंग्रजीच्या वर्गांनी ही अडचण काही अंशी कमी केली आहे. तेथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते; परंतु पुष्कळदा शब्दांचे पाठांतर तेवढे होते, शब्दांची ओळख होत नाही. पाठ केलेला शब्द परीक्षेपर्यंत टिकतो. ओळख झालेला शब्द जन्मभर सोबत करतो. आठवी ते दहावी या तीन वर्षांत ही ओळख कशी करून घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी इतिहासाचा शिक्षक आहे. म्हणून शब्दांकडे पाहण्याची माझी दृष्टीही इतिहासाचीच आहे. प्रत्येक मोठ्या शब्दाला आईवडील असतात, नातेवाईक असतात आणि त्याने केलेला प्रवास असतो. तो प्रवास कळला की शब्दाची भीती जाते.

इंग्रजी आणि आपला समाज

आपल्या समाजाचे इंग्रजीशी असलेले नाते हौसेतून जडलेले नाही. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. शाळा सरकारी होती, दार मात्र जातीचे होते. महात्मा जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले आणि १८४७ च्या सुमारास थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांनी वाचला. त्या वाचनाने त्यांच्या विचारांना कोणती दिशा मिळाली, हे सर्वज्ञात आहे. सावित्रीमाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला. शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावे, असा आग्रह त्या काळी त्यांनी कवितेतून मांडला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा होती. अस्पृश्य म्हणून ते दार बंद झाले आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. १९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. पुढे १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, ती इंग्रजीत. दुसऱ्याच वर्षी, १९२० मध्ये, 'मूकनायक' सुरू केले, ते मराठीत. राज्यकर्त्यांशी आणि जगाशी बोलताना इंग्रजी, आपल्या माणसांशी बोलताना मराठी, अशी दोन्ही शस्त्रे त्यांनी सारख्याच ताकदीने पेलली. इंग्रजी शिकायचे म्हणजे मराठी सोडायची, हा समज ज्यांच्या मनात आहे, त्यांनी या दोन वर्षांचा क्रम ध्यानात ठेवावा.

घरात आलेले पाहुणे

अवघड इंग्रजी शब्द दूरच्या विद्यापीठात राहतात, असे आपण समजतो. वास्तविक त्यांतले कित्येक आपल्या घरात, कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत, दाखल्यांच्या रूपाने पडून आहेत. 'बोनाफाईड' हा शब्द शाळेच्या कार्यालयात रोज उच्चारला जातो. तो मूळचा लॅटिन. 'बोना' म्हणजे चांगला आणि 'फाईड' हा 'फिडेस' या शब्दाचा अंश. फिडेस म्हणजे विश्वास. हा विद्यार्थी खरोखर आमच्या शाळेचा आहे, असे सद्भावनेने दिलेले प्रमाणपत्र म्हणजे बोनाफाईड.

आता हा 'फिड' ओळखीचा झाला, की त्याचे नातेवाईक सहज भेटतात. 'कॉन्फिडन्स' म्हणजे आत्मविश्वास. 'कॉन्फिडेन्शियल' म्हणजे ज्याला विश्वासाने सांगितले त्यानेच जपावे असे, गोपनीय. 'फिडेलिटी' म्हणजे निष्ठा. तहसील कार्यालयाबाहेर स्टॅम्पपेपरवर केले जाते ते 'अ‍ॅफिडेव्हिट'ही याच कुटुंबातले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'त्याने शपथेवर सांगितले' असा होतो.

'व्हॅलिडिटी' या शब्दाने तर आपल्या पालकांची झोप उडवलेली असते. त्याचे मूळ 'बलवान असणे' या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. ज्या दाखल्याला कायद्याचे बळ आहे तो 'व्हॅलिड'. ज्याला नाही तो 'इनव्हॅलिड'. 'व्हॅल्यू' म्हणजे मूल्य, 'इव्हॅल्युएशन' म्हणजे मूल्यमापन, रसायनशास्त्रातील 'व्हेलन्सी' म्हणजे संयुजा, 'इक्विव्हॅलंट' म्हणजे सममूल्य. हे सारे एका रक्ताचे. जातपडताळणीच्या कागदावरचा शब्द आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकातला शब्द सख्खे नातलग आहेत, हे मुलाला कळले की दोन्ही एकदमच लक्षात राहतात.

उकलीची पूर्वतयारी आपल्याकडे आहे

आपल्या निवासी शाळेतील मुले रोज सकाळी त्रिशरण-पंचशील ग्रहण करतात. त्यात 'अदिन्नादाना' हा शब्द आहे. त्याची फोड केली तर 'अ', 'दिन्न' आणि 'आदान' असे तीन भाग पडतात : न दिलेले घेणे. म्हणजेच मोठा शब्द भागांनी बनतो, हे तत्त्व ही मुले पालि भाषेत रोज मुखाने उच्चारत असतात. इतकेच काय, यातील 'दा' हा धातू आणि लॅटिनमधील 'देणे' या अर्थाचा धातू एकाच प्राचीन मुळातून निघाले आहेत. 'डोनर', 'डोनेशन' आणि आपले 'दान' ही नात्यातली मंडळी आहेत. संगणकाच्या तासाला येणारा 'डेटा' हाही त्याच घरचा. त्याचा मूळ अर्थ 'दिलेल्या गोष्टी' असा आहे.

'प्रज्ञा' या शब्दातील 'ज्ञा' आणि ग्रीकमधील 'ग्नो' यांचेही असेच नाते आहे. डॉक्टर रोगाचे निदान करतात ते 'डायग्नोसिस', रोग पुढे कोणते वळण घेईल हे सांगतात ते 'प्रोग्नोसिस'. 'प्र' आणि 'ज्ञा' यांची जोडणी आणि 'प्रो' आणि 'ग्नो' यांची जोडणी अगदी सारखी आहे. अर्थ मात्र दोन भाषांत वेगवेगळ्या वाटांनी गेले.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. केवळ ध्वनी जुळला म्हणून नाते जुळत नाही. इंग्रजी 'डे' आणि मराठी 'दिवस' यांचा अर्थ एक आहे, आरंभीचा ध्वनीही जुळतो. पण भाषाशास्त्रज्ञांच्या मते त्यांची मुळे भिन्न आहेत. म्हणून तर्क करावा, पण कोश उघडून तो तपासावा. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी, ही तथागतांची शिकवण शब्दांच्या बाबतीतही लागू पडते.

मराठी व्याकरणातील संधी हा प्रकरणाचा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो. इंग्रजी स्पेलिंग समजण्यास तोच उपयोगी पडतो. उत् आणि लेख मिळून 'उल्लेख' होतो, उत् आणि नती मिळून 'उन्नती' होते. पहिल्या शब्दाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभासारखा होतो. इंग्रजीतही हेच घडते. 'इन' हा नकारार्थी उपसर्ग 'लीगल' शब्दापूर्वी आला की 'इल्लीगल' होतो, 'रेग्युलर' शब्दापूर्वी आला की 'इर्रेग्युलर' होतो आणि 'पॉसिबल' शब्दापूर्वी 'इम्पॉसिबल' होतो. या शब्दांत 'एल' किंवा 'आर' दोनदा का लिहायचा, असे विचारणाऱ्या मुलाला 'तसेच असते' असे उत्तर देऊ नये. एक 'एल' उपसर्गाचा आणि एक मूळ शब्दाचा, असे सांगावे. मग स्पेलिंग घोकावे लागत नाही. 'अ‍ॅफिडेव्हिट'मध्ये 'एफ' दोनदा येतो तोही याच नियमाने. तेथे 'अ‍ॅड' हा उपसर्ग 'फिड'पुढे येऊन बदलला आहे.

एका शब्दात चार पायऱ्या

प्रत्ययांचा पाठ शिकवताना एक उदाहरण आपल्या वर्गात टाळता येत नाही आणि टाळूही नये. 'टच' म्हणजे स्पर्श. त्याला 'एबल' हा योग्यतादर्शक प्रत्यय लागून 'टचेबल', म्हणजे स्पर्श करण्याजोगा. पुढे 'अन' हा नकार लागून 'अनटचेबल', अस्पृश्य. शेवटी भाववाचक प्रत्यय लागून 'अनटचेबिलिटी', अस्पृश्यता. एका साध्या क्रियापदावर तीन भाग चढवून तयार झालेला हा शब्द भारतीय संविधानाच्या १७ व्या कलमात आहे आणि तेथे तो 'अ‍ॅबॉलिश्ड' या क्रियापदासह आलेला आहे. 'अ‍ॅबॉलिश' म्हणजे पूर्णपणे रद्द करणे, नाहीसे करणे. 'बॅन' या शब्दाने केवळ बंदी सूचित होते. 'अ‍ॅबॉलिश' या शब्दाने ती प्रथाच कायद्याच्या दृष्टीने संपवली जाते. शब्दांच्या अर्थातील असे बारीक अंतर समजणे, यालाच प्रगत शब्दज्ञान म्हणतात.

'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या बाबासाहेबांच्या १९३६ च्या ग्रंथाचे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे. त्यातील पहिल्या शब्दाची फोड मात्र फार थोड्यांनी केलेली असते. लॅटिनमध्ये 'निहिल' म्हणजे काहीही नाही, शून्य. त्याला 'अ‍ॅड' हा दिशादर्शक उपसर्ग लागला आणि 'उन्नती' शब्दात झाला तसाच बदल होऊन दोन 'एन' आले. एखादी गोष्ट शून्याप्रत नेणे, हा त्याचा अर्थ. इंग्रजी उच्चारात 'एच' ऐकू येत नाही. 'अनायलेशन' असा उच्चार होतो. बाबासाहेबांनी 'रिफॉर्म' म्हणजे सुधारणा हा सौम्य शब्द शीर्षकात घेतला नाही. जात सुधारायची नाही, शून्यावर आणायची, हा त्यांचा सिद्धान्त शीर्षकाच्या पहिल्या शब्दातच आहे. 'कास्ट' हा शब्द पोर्तुगीज 'कास्टा'वरून आला. त्याचा अर्थ वंश किंवा कुळ. अनेक कोशकार त्याचा संबंध 'शुद्ध' या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडतात. पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीजांनी आपल्या समाजाला कोणत्या चष्म्यातून पाहिले, याची खूण या शब्दात राहिली आहे.

समाजशास्त्रातून रसायनशास्त्राकडे

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवरील आपला निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. त्या निबंधाचा गाभा दोन शब्दांत सामावलेला आहे : 'एन्डोगॅमी' आणि 'एक्सोगॅमी'. ग्रीकमध्ये 'एन्डो' म्हणजे आत, 'एक्सो' म्हणजे बाहेर आणि 'गॅमोस' म्हणजे विवाह. गटाच्या आत विवाह आणि गटाच्या बाहेर विवाह. भारतीय समाजात मुळात गोत्राबाहेर विवाहाची रीत होती. तिच्यावर गटांतर्गत विवाहाचे बंधन लादले गेले आणि त्यातून जात निर्माण झाली, असे त्यांनी प्रतिपादन केले.

हे दोन शब्द ज्याला उलगडले, त्याने विज्ञानाच्या अर्ध्या शब्दकोशात पाऊल ठेवले. उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया 'एक्झोथर्मिक', उष्णता आत घेणारी 'एन्डोथर्मिक'. कीटकांचा बाहेरचा सांगाडा 'एक्झोस्केलेटन', आपला आतला 'एन्डोस्केलेटन'. पोटाच्या आत नळी घालून पाहण्याची तपासणी 'एन्डोस्कोपी'. आणि 'गॅमोस'च्या कुटुंबातला 'गॅमीट' म्हणजे ज्यांचा संयोग होतो ते युग्मक. लेखाच्या आरंभी ज्या दोन शब्दांनी आपल्या अकरावीच्या विद्यार्थ्याला अडवले होते, त्या दोन्ही शब्दांच्या किल्ल्या १९१६ च्या त्या निबंधात आहेत. बाबासाहेबांचे लेखन जयंतीच्या भाषणापुरते न ठेवता अभ्यासिकेच्या टेबलावर आणण्याचे हे एक सबळ कारण आहे.

पाठ्यपुस्तकाचे पहिले पान

संविधानाची उद्देशिका बालभारतीच्या पुस्तकांत आरंभीच छापलेली असते. इंग्रजीच्या पुस्तकात ती इंग्रजीत असते. मुले ते पान उलटून पहिल्या धड्याकडे जातात. त्या एका पानावर माध्यमिक शाळेला पुरून उरेल इतकी शब्दसंपदा आहे.

'कॉन्स्टिट्यूशन' शब्दातील 'कॉन' म्हणजे एकत्र आणि पुढचा भाग 'उभे करणे' या अर्थाचा. त्याचे मूळ आणि आपल्या 'स्था' धातूचे मूळ एकच. आपण 'संस्था' म्हणतो, तीही 'सम्' आणि 'स्था' यांची जोडणीच आहे. 'डेमॉक्रॅटिक' शब्दात 'डेमॉस' म्हणजे लोक आणि 'क्रॅटॉस' म्हणजे सत्ता. 'ऑटोक्रसी' म्हणजे एकाची सत्ता, 'ब्युरोक्रसी' म्हणजे कार्यालयाची सत्ता. 'रिपब्लिक' म्हणजे सार्वजनिक वस्तू. राज्य ही कोणा एका घराण्याची मालमत्ता नव्हे, हा अर्थ त्या शब्दातच आहे. 'सॉव्हरिन' म्हणजे सार्वभौम. त्याच्या मुळाशी 'वर' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. त्यातील 'जी' हे अक्षर मुळात नव्हते. राज्य करणे या अर्थाच्या 'रेन' शब्दाच्या प्रभावाने ते स्पेलिंगमध्ये शिरले. 'डेट' म्हणजे कर्ज. त्यातील 'बी' हेही लॅटिन मूळ दाखवण्यासाठी पंडितांनी नंतर घुसवलेले अक्षर. न उच्चारली जाणारी अक्षरे चुकतात, तेव्हा मुलाने स्वतःला मंद समजू नये. तो गोंधळ भाषेच्या इतिहासाचा आहे.

'फ्रॅटर्निटी' हा शब्द या पानाचे हृदय आहे. लॅटिन 'फ्रॅटर' आणि आपला 'भ्रातृ' हे एकाच मूळ शब्दाचे दोन अवतार आहेत. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून बोलताना बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली तत्त्वत्रयी फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नसून भगवान बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतली आहे, असे सांगितले होते. शब्द इंग्रजी असला तरी आशय आपल्या मातीतला असू शकतो, याचे याहून थोर उदाहरण नाही.

एक शब्द, अनेक अर्थ

शब्दांची फोड आली म्हणजे सर्व काम झाले, असे नाही. 'रिझर्व्हेशन' हा शब्द घ्यावा. त्याचे मूळ 'मागे राखून ठेवणे' असे आहे. संविधानाच्या संदर्भात तो आरक्षण, रेल्वेच्या खिडकीवर राखून ठेवलेली जागा, आणि अमेरिकेच्या इतिहासात मूळनिवासींसाठी राखलेला प्रदेश. एखादा माणूस एखाद्या प्रस्तावाबद्दल आपल्याला 'रिझर्व्हेशन्स' आहेत असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात शंका आहेत, एवढाच अर्थ असतो. संदर्भ पाहिला नाही तर वाचणारा फसतो.

'सँक्शन' याहून फसवा आहे. शिष्यवृत्ती 'सँक्शन' झाली म्हणजे मंजूर झाली. वर्तमानपत्रात एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लादले असे येते, तेव्हा ते निर्बंध असतात. 'कन्व्हिक्शन' म्हणजे मनाची दृढ धारणा, आणि न्यायालयात दोषसिद्धी. म्हणून शब्द एकटा पाठ करू नये. तो वाक्यासह उचलावा.

परीक्षेतील आज्ञार्थी शब्दांचेही तसेच. 'डिफाइन' म्हणजे व्याख्या द्या, 'डिस्टिंग्विश' म्हणजे भेद स्पष्ट करा, 'जस्टिफाय' म्हणजे कारणांनी सिद्ध करा, 'इलस्ट्रेट' म्हणजे उदाहरणाने किंवा आकृतीने स्पष्ट करा. उत्तर येत असूनही प्रश्नाचा शब्द न कळल्यामुळे गुण गमावणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. हे पंधरा-वीस शब्द नववीच्या पहिल्या महिन्यातच पक्के व्हावेत.

किती शब्द आणि कसे

इंग्रजीतील शब्द असंख्य आहेत. सगळे कोणालाच येत नाहीत. म्हणून निवड हवी. बंगालमध्ये ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम केलेले मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २,००० मूलभूत शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्यानंतर २००० साली न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी महाविद्यालयीन ग्रंथांचा अभ्यास करून ५७० शब्दकुटुंबांची यादी तयार केली. त्यांनी तपासलेल्या ग्रंथांत सुमारे दहा टक्के शब्द या कुटुंबांतले आढळले. 'अ‍ॅनलाईझ', 'इंटरप्रिट', 'डिराइव्ह', 'अझ्यूम', 'सिग्निफिकंट' हे त्यांतले नमुने. कोणत्याही एका विषयाचे नसलेले आणि सर्व विषयांत भेटणारे हे शब्द आहेत. आठवड्याला पाच कुटुंबे घेतली आणि शालेय वर्षाचे चाळीस आठवडे धरले, तर वर्षाला २०० होतात. आठवी ते दहावी या तीन वर्षांत ६०० होतात. म्हणजे ही यादी आपल्या आवाक्यातली आहे.

प्रत्येक विद्यार्थ्याने एक शंभर पानी वही केवळ शब्दांसाठी ठेवावी. एका शब्दाला अर्धे पान द्यावे. प्रथम इंग्रजी स्पेलिंग, मग देवनागरीत उच्चार, मग शब्दाची फोड, मराठी अर्थ, नातेवाईक शब्द आणि शेवटी स्वतः रचलेले एक वाक्य. उदाहरणार्थ 'ईक्वल' घ्या. नातेवाईक लिहिताना गणितातले 'इक्वेशन' म्हणजे समीकरण, भूगोलातले 'इक्वेटर' म्हणजे विषुववृत्त, रसायनशास्त्रातले 'इक्विलिब्रियम' म्हणजे समतोल आणि संविधानाच्या १४ व्या कलमातली 'इक्वॅलिटी' म्हणजे समता, असे चार विषय एका अर्ध्या पानावर येतात. मराठीत 'सम' जे काम करतो तेच काम येथे 'इक्वि' करतो, हे मुलांना आपोआप दिसते. वाक्य मात्र गाईडमधून उतरवू नये. आपल्या गावाविषयी, वसतिगृहाविषयी, शेताविषयी असावे. तेच लक्षात राहते.

विस्मरणाचा अभ्यास जर्मन संशोधक हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून केला आणि १८८५ साली प्रसिद्ध केला. शिकलेले सर्वांत जलद विसरते ते पहिल्या काही तासांत आणि दिवसांत. मग विसरण्याचा वेग मंदावतो. उजळणी एकाच बैठकीत दहा वेळा करण्यापेक्षा अंतर ठेवून केली तर अधिक टिकते. निवासी शाळेला या बाबतीत मोठा लाभ आहे. सकाळच्या परिपाठात शब्द फलकावर यावा, त्याच संध्याकाळी अभ्यासिकेत वही बंद करून आठवावा, मग तीन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा आठवावा. वरच्या वर्गातील मुलीने खालच्या वर्गातील मुलीला तो समजावून सांगावा. सांगणाऱ्याचा शब्द अधिक पक्का होतो, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे.

ज्ञानाचा डौल नको

शब्दसंपदा वाढली की ती मिरवण्याचा मोह होतो. दोन अक्षरी शब्दाने काम भागत असता पाच अक्षरी शब्द वापरणे, हे विद्वत्तेचे लक्षण नव्हे. तथागतांनी आपला उपदेश मूठभरांच्या भाषेत न ठेवता लोकांच्या बोलीत दिला. बाबासाहेबांचे इंग्रजी वाचताना जाणवते की, अवघड शब्द ते नेमक्या जागी वापरतात आणि उरलेले वाक्य सरळ ठेवतात. सम्यक वाचा इंग्रजीतही सम्यकच असली पाहिजे. तसेच, ज्या आजीला सही करता येत नाही तिच्यापुढे इंग्रजी फेकणारा मुलगा शिकला असे म्हणता येणार नाही. तिच्या नावाने आलेली नोटीस वाचून तिला मराठीत समजावून सांगणारा मुलगा शिकला.

या स्मरणिकेचे वाचक असलेल्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. पालकांना इंग्रजी येत नसले तरी चालेल. सुट्टीत मूल घरी आले की त्याची शब्दवही उघडायला सांगावी आणि 'आज शिकलेला एक शब्द मला मराठीत समजावून दे' एवढेच म्हणावे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला भेट देताना पुष्पहाराऐवजी एखादा चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश आणावा, एक संध्याकाळ अभ्यासिकेत बसावे आणि आपल्या क्षेत्रातले दहा शब्द उलगडून दाखवावेत. परिचारिका झालेली मुलगी 'डायग्नोसिस' सांगेल, वकील झालेला मुलगा 'कन्व्हिक्शन' सांगेल, बँकेतला 'इंटरेस्ट' सांगेल. शब्दाबरोबर मुलांना माणूसही दिसेल, आणि या शब्दांपर्यंत आपल्या शाळेतून वाट जाते हेही दिसेल.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाचा प्रारंभ केला. उच्च शिक्षणाचे दार त्यांनी उघडून ठेवले. त्या दारापर्यंत पोहोचलेले आपले एकही मूल केवळ शब्द कळला नाही म्हणून उंबरठ्यावरून परत फिरू नये. आठवीच्या वर्गात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाच शब्दांपासून आरंभ करता येईल.

जय भीम! नमो बुद्धाय!